आजीला साल विचारू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीत कराडला जाऊन आजीचं बोलणं रेकॉर्ड करणार म्हणतेस, झकास. पण प्रश्नांची यादी बदल. 'तुमच्या वेळी संस्कार कसे होते?' असं विचारलंस की कोणीही म्हातारं माणूस कीर्तनच लावणार. त्याऐवजी ताटाचं विचार. घरात माणसं किती, पहिल्या पंगतीला कोण, शेवटी कोण जेवायचं आणि त्या शेवटच्या ताटात काय उरायचं? गव्हाची पोळी कोणत्या सणाला? दूध मुलग्यांना किती, मुलींना किती? घराची मूल्यं अशा उत्तरांतून कळतात. ती कौतुकाचीच निघतील असं मात्र नाही.

सालाचंही तसंच. 'कधी?' म्हटलं की 'लई वर्सं झाली' एवढंच हाती लागतं. खुणेची घटना दे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. त्या रात्री घरात कोण कोण झोपलं होतं, कडेवर कोण होतं, पोटात कोण होतं, हे विचारलं की दोन-तीन भावंडांची वयं आपोआप जुळतात. पुण्याच्या आत्याला पानशेतचा पूर विचार, १२ जुलै १९६१. बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलंस की दुष्काळी कामावर खडी फोडणं, वाटपाची सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी हे निघतंच. पत्रिकेत नुसता शक असेल तर इसवी सन काढायला गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळव, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. आधार कार्डावरच्या जन्मतारखेवर विसंबू नकोस. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या हिशेबाने अर्धा गाव एकाच दिवशी जन्मलेला आहे.

'स्वप्न काय होतं?' हा प्रश्न त्या पिढीतल्या बाईला परका वाटतो. शाळा कितवीला सुटली आणि कोणाच्या शब्दावरून सुटली, ते विचार. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाली की प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळू शकायची, म्हणून सहावीत शाळा सुटणं आणि सातवीनंतर सुटणं यांत एका नोकरीचं अंतर होतं. उत्तराआधी आजी गप्प बसली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. मनात दहा अंक मोज. शाळेत चौकशी केलीस तर माहेरचं नाव सांग. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची रीत होती. सासरच्या नावाने जनरल रजिस्टरात काही सापडत नाही.

रेकॉर्डिंग अर्ध्या तासाच्या वर नको, आवाज थकतो. फोन एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर ऐन वेळी कोणाचा तरी फोन येऊन रेकॉर्डिंग तुटेल. पंखा बंद कर, कुकर उतरू दे. फोन घडी घातलेल्या नॅपकिनवर, आजीपासून हातभर अंतरावर ठेव. उघड्या टेबलावर बांगड्यांचा प्रत्येक ठोका उमटतो. सुरुवातीला तारीख आणि कोण बोलतंय ते स्वतःच्या आवाजात सांग.

फोटोंचं काम जास्त नाजूक. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढलास तर कागदाचा थर मागेच राहतो, तेव्हा आहे तिथेच स्कॅन कर. फ्रेमच्या काचेला ओलीने चिकटलेला असेल तर काचेसकट. पासपोर्टएवढ्या फोटोला ६०० डीपीआय ठेव. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, काठाजवळ. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. 'काकू' असं लिहू नकोस, पुढच्या पिढीला ती कोणाची काकू ते कळणार नाही. पूर्ण नाव, गाव, नातं. मला पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, साधा फोटो पाठवलास की बारकावे जातात.

ट्रंकेतले कागद कसरीने खाल्लेले असतील. हलक्या ब्रशने झटक, उन्हात पसरू नकोस. आणि काका लॅमिनेशन करून आणतो म्हणाला तरी देऊ नकोस. ते परत सोडवता येत नाही. झेरॉक्स चालेल.

तुझा
बाबा