शिबिरात लघवीची बाटलीही ठेवा

महोदय,

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे भूजल खारट असलेल्या भागातल्या, किडनीच्या रुग्णांची बातमी आली की चर्चा पाण्याभोवतीच फिरते. पाण्याचा प्रश्न खराच आहे. पण अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या गावांत होणाऱ्या बहुतेक शिबिरांत बीपी आणि साखर तपासतात, फार तर क्रिएटिनीनसाठी (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) रक्त घेतात. लघवी क्वचितच तपासली जाते. ती का तपासावी, याचे उत्तर अमेरिकेतील किडनीतज्ज्ञ बॅरी ब्रेनर यांच्या संशोधनात सापडते.

म्युनिक-विस्टार जातीच्या उंदरांच्या किडनीत रक्त गाळणाऱ्या काही सूक्ष्म गाळण्या अगदी वरच्या थरालगत असतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रेनर व सहकाऱ्यांनी केसाहून बारीक काचनळी टोचून त्यांतला दाब थेट मोजला. पुढे किडनीचा बराच भाग काढून टाकल्यावर काय होते तेही पाहिले. वीस जणींची वेचणी पाच जणींवर पडावी, तसे उरलेल्या गाळण्यांवर काम पडते. आतला दाब वाढतो, अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन लघवीत झिरपू लागते, आणि कालांतराने त्या गाळण्याही कडक होऊन बंद पडतात. १९८२ मध्ये त्यांनी हे सूत्र मांडले: मूळ आजार कोणताही असो, पुढची झीज हा जादा दाबच करतो.

उरलेल्या गाळण्या जास्तीचे काम उरकत असल्यामुळे निम्म्या गेल्या तरी रक्तातले क्रिएटिनीन ‘नॉर्मल’ राहू शकते. शिवाय ते स्नायूंतून येते. तीस वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनीन १.२ असेल तर किडनीचा रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ८३ मिली निघतो. साठ वर्षांच्या बाईचे तेच १.२ असेल तर ५२. मजुरी करून वाळलेल्या बाईच्या बाबतीत हा आकडाही फसवा असतो, खरा वेग त्याहून कमी असू शकतो. तरी रिपोर्टवर नुसते १.२ छापून येते आणि बाई निर्धास्त घरी जाते. प्रयोगशाळेने वय आणि लिंग घालून काढलेला हा अंदाजे वेग, म्हणजे ईजीएफआर, छापावा. यंत्र नवे लागत नाही.

लघवी सकाळची पहिली घ्यावी, सुरुवातीची धार सोडून. ताप, पाळी, लघवीची जळजळ किंवा आदल्या दिवशीची अंगमेहनत असेल तर अल्ब्युमिन उगाच वाढलेले दिसते. लघवी तपासायच्या पट्ट्यांची बाटली दिवसभर उघडी राहिली तर पट्ट्या दमट होऊन निकामी होतात. पट्टीवरचा प्रथिनाचा रंग ६० सेकंदांनी बघायचा असतो, घाईच्या रांगेत तो दहाव्या सेकंदालाच वाचला जातो. साधी पट्टी थोडे अल्ब्युमिन पकडतही नाही, म्हणून मधुमेही आणि बीपीच्या रुग्णांची लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर चाचणी करावी. एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या वर आले, तर तीन महिन्यांत आणखी दोनदा तपासावे. तीनपैकी दोनदा वाढलेले आले की गळती खरी समजायची.

पुढचा मुद्दा गोळ्यांचा. १९८६ मध्ये ब्रेनर यांच्या गटाने उंदरांत रक्तदाबाचे दोन उपचार ताडून पाहिले. अंगातला रक्तदाब दोन्हींनी सारखाच उतरला, पण गाळणीतला दाब फक्त एनालाप्रिल या औषधाने उतरला आणि किडनीही तिथेच वाचली. २००१ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली १,५१३ मधुमेही किडनीरुग्णांवर लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळीची चाचणी झाली. किडनी पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले, आणि हृदय थकून पहिल्यांदा भरती होण्याचे ३२ टक्क्यांनी. किडनी आणि हृदयाचे दुखणे वेगळे काढता येत नाही, ते असे.

आपल्याकडे मिळणारी टेल्मिसार्टन ही गोळी लोसार्टनच्याच जातीची. गाळणीतून बाहेर जाणारी नळी ती सैल करते, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनीन थोडे चढते. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते. तेवढ्यावरून गोळी बंद करणे ही सर्रास होणारी चूक. मात्र गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम बघायलाच हवे. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. हगवण-उलटी लागली किंवा उन्हाच्या कामात अंगातले पाणी आटले, तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस थांबवावी. अशा वेळी अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकची सुई घेतली, तर किडनीत येणारी नळीही आवळते. रक्त आत कमी, बाहेर जायला वाट मोकळी. गाळणीतला दाब एकदम पडतो. मे महिन्यातल्या वऱ्हाडी उन्हात हा योग जुळायला वेळ लागत नाही.

ब्रेनर यांनी १९८८ मध्ये आणखी एक शंका मांडली होती: जन्मतःच गाळण्या कमी असतील तर पुढे रक्तदाब वाढेल. गाळण्या आईच्या पोटात, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. मेळघाटात दोन किलोच्या आत जन्मणाऱ्या बाळांकडे म्हणूनच केवळ कुपोषणाचा प्रश्न म्हणून बघू नये. त्यांच्या आरोग्यपत्रिकेवर जन्मवजन ठळक लिहावे, आणि मूल तीन वर्षांचे झाले की दर तपासणीत त्याचे बीपी मोजावे, तेही लहान मुलांच्या पट्ट्याने. मोठ्यांचा पट्टा लावला तर आकडा खोटाच कमी येतो.

जिल्हा आरोग्य विभागाने शिबिराच्या केसपेपरवर लघवीतील अल्ब्युमिन आणि ईजीएफआर असे दोन रकाने वाढवावेत, आणि बाटली आशाताईंमार्फत आदल्या संध्याकाळीच घरोघरी पोचवावी.

— ग्रामीण रुग्णालयांतील काही प्रयोगशाळा तंत्रज्ञ व परिचारिका, जि. अकोला