कोगनोळीचा नाका ओलांडला की

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू घाईत होतीस, मागं कुकर शिट्ट्या मारत होता, म्हणून नीट बोलणं झालं नाही. पण ठेवता ठेवता तू तुझ्या साड्यांच्या धंद्यावरनं जे बोललीस ना, "40 लाखाच्या आत आहे गे मी, मला कसला आलाय जीएसटी", ते डोक्यातनं जाईना बघ. म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

40 लाखाचं खोटं नाही. आपल्या कर्नाटकात माल विकणाऱ्याला वर्षाची विक्री 40 लाखापर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही, आणि विक्री म्हणजे सगळी विक्री बरं का, तुझ्या पदरात पडतात ते नव्हे. पण ही सूट राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. माल राज्याबाहेर गेला की पहिल्या साडीपासनं नोंदणी सक्तीची. आता धारवाडच्या बाईचं यात काही अडत नाही, तिची गिऱ्हाइकं हुबळी नाहीतर गदगची. आपलं तसं आहे काय? तुझी मावशी महाराष्ट्रात कागलला, नणंद गडहिंग्लजला, नऊवारीच्या ऑर्डरी बघितल्यास तर निम्म्याच्या वर कोल्हापूरच्या. तू निपाणीतनं पार बिदरला साडी पाठवलीस तर ती घरातली विक्री आणि सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून वीसेक किलोमीटरवर कागलला पाठवलीस की झाली आंतरराज्य! सीमाभागात जन्मलो त्याची ही पण एक पट्टी भरायची. मावशी स्वतः निपाणीला येऊन दुकानातल्यासारखी हातात घेऊन गेली आणि तू बिलावर तिचा कागलचा पत्ता नाही घातलास, तर ती विक्री कर्नाटकातली. पण दर साडीला मावशी थोडीच येणार.

ॲपवर विकायचं म्हणतेस तिथंही हेच. पूर्वी ॲपवर एक रुमाल विकायचा तरी जीएसटी नंबर लागायचा, 1 ऑक्टोबर 2023 पासनं लहान विक्रेत्याला नुसत्या पॅनवर एनरोलमेंट नंबर काढून विकता येतं, पण परत तीच अट, एकाच राज्यात. आणि कुणीतरी तुला कंपोझिशन, म्हणजे विक्रीवर ठराविक कर भरायची सोपी योजना, घे म्हणून सांगितलंय ना, 1 टक्का भर आणि मोकळी हो, त्याचं ऐकू नकोस. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर विकताच येत नाही.

मग काय, रीतसर नोंदणीच घे. सरकारी फी शून्य आहे, कुणी पाच हजार मागितले तर ते त्याच्या हाताचे. आणि खरं सांगू, त्यात तुझं फार काही जात नाही. बेळगावातल्या वडगावच्या व्यापाऱ्याकडनं तू 630 ला साडी घेतेस, त्यात 600 साडीचे आणि 30 जीएसटीचे. तू ती 850 ला विकलीस तर त्यातले 40 रुपये आणि काही पैसे कराचे. पण तुझ्याकडं त्याचं पक्कं बिल असेल तर ते 30 वजा होतात, तू भरणार साधारण साडेदहा रुपये, आणि इथं भरलेला कर कोल्हापूरच्या आयजीएसटीतनं, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरच्या जीएसटीतनं, वजा करायला चालतो. आता तो व्यापारी काय म्हणतो, बिल नको असेल तर 620 ला देतो. आणि आपण खूश होऊन येतो! 10 वाचवायला जाऊन 30 घालवले की गे. नोंदणी घेतल्यावर बिलाशिवाय एक साडी उचलू नकोस.

माझं काय झालं तुला ठाऊकच आहे. साड्या बंद केल्या, जीएसटी नंबर रद्द करायचा राहिला, मला वाटलं विक्रीच नाही तर रिटर्न कसलं. शून्याचं पण भरायला लागतंय! रोजचे 20 रुपये दंड, एका रिटर्नला 500 पर्यंत. चार तिमाह्या निवांत झोपले होते, 2000 गेले. त्यात एकाही साडीची विक्री नव्हती.

आणि खातं वेगळं काढ, आजच. 2025 च्या जुलैत यूपीआयचे आकडे बघून आपल्या राज्यात लहान दुकानदारांना नोटिसा आल्या होत्या, बेंगळूरात तर लोकांनी क्यूआर कोड काढून 'नो यूपीआय' च्या पाट्या लावल्या. शेवटी जुनी बाकी वसूल करणार नाही म्हणून मुख्यमंत्र्यांनी सांगितलं म्हणून निभावलं. तुझ्या खात्यात साडीचे पैसे, भिशीचे पैसे आणि भावानं उसने दिलेले सगळं एकत्र कालवलंय, उद्या कुणी विचारलं तर कुठलं कुठलं ते तूच सांगू शकणार नाहीस.

इन्कम टॅक्सचं तुझ्यापुरतं सोपं आहे. शाळेचा पगार आहे म्हणून आयटीआर 1 भरत होतीस, आता धंदा आला की 4. बँकेतनं आलेल्या विक्रीच्या किमान 6 टक्के नफा दाखवायचा, रोखीला 8, वह्या ठेवायची कटकट नाही. पण किमान म्हटलंय, तू साडीमागं दोनशे सोडवतेस मग 6 टक्के कसले गे. खरं तेवढं दाखव, पगार धरून 12 लाखाच्या आत असशील तर नव्या पद्धतीत कर शून्यच येतोय, भ्यायचं काय? ॲपवाले जीएसटीचं 0.5 टक्का कापतात ते जीएसटीच्या पोर्टलवर जाऊन मान्य केलं की तिथल्याच तुझ्या खात्यात येतं. इन्कम टॅक्सचं 0.1 टक्का तर ॲपवरची विक्री 5 लाखाच्या आत आणि पॅन दिलेला असेल तर कापतच नाहीत.

तुझ्या आईच्या जुन्या साड्या विकलीस त्याची काळजी करू नकोस, घरातल्या वापरलेल्या वस्तू विकणं म्हणजे धंदा नव्हे.

पुढच्या शनिवारी बेळगावला ये. पॅन, आधार, फोटो, पासबुक आणि घराचं लाईट बिल घेऊन ये. बिल घरमालकाच्या नावावर आहे ना, मग त्याच्याकडनं संमतीपत्र लिहून आण, तो कुरकुर करेल, त्याच्या बायकोला सांग म्हणजे होतंय. फॉर्म मी भरून देते. आणि ती चटणी रंगाची नऊवारी अजून असेल तर मला ठेव, पण बिल करून.

तुझी,
विजू