फोन टॅपिंगचा हिशेब विधिमंडळापुढे यावा

संपादक महोदय,

२६/११ च्या हल्ल्यात ताज, ट्रायडंट आणि नरिमन हाऊसमधले दहशतवादी पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी फोनवर बोलत होते. ती संभाषणे पोलिसांनी ऐकली आणि पुढे कसाबच्या खटल्यात कटाचा भक्कम पुरावा म्हणून तीच उभी राहिली. त्यामुळे फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला हवाच. या अधिकारावर देखरेख कोण ठेवतो, हा खरा प्रश्न आहे.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याचे कलम २०(२) आणि त्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम यांनुसार टॅपिंगचा आदेश केंद्रात केंद्रीय गृह सचिव आणि राज्यात राज्याचे गृह सचिव देतात. मुदत ६० दिवसांची. वाढवत नेली तरी एकूण १८० दिवसांपलीकडे नाही. तातडी असेल तर राज्यात महानिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी आदेश काढू शकतो. तो तीन कामकाजी दिवसांत गृह सचिवांना कळवावा लागतो आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी आली नाही, तर टॅपिंग बंद करावे लागते. आदेश आढावा समितीकडे जातात. राज्यात या समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह खाते सोडून अन्य खात्याचे एक सचिव असतात. आदेश देणारे सरकार आणि तपासणारेही सरकारच. न्यायाधीश कुठेच नाही.

बरे, या समितीला वेळ तरी किती मिळतो? न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवले आहे की केंद्राच्या आढावा समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा होते आणि दर बैठकीपुढे १५ ते १८ हजार आदेश असतात. सचिव आठ तास जागचे हलले नाहीत, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. ज्याचा फोन ऐकला जातो त्याला ते कळवण्याची तरतूद नाही. दोषारोपपत्रात ध्वनिमुद्रण जोडले गेले तरच त्याला पत्ता लागतो. नाहीतर दाद मागायची कशाच्या आधारावर?

कायद्यातले शब्द उतरवून काढलेले आदेश अशा व्यवस्थेतून सहज निसटतात. दहा लाखांच्या लाचेच्या एका प्रकरणात २००९-१० मध्ये काढलेले तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केले. आदेशांत लोकसुरक्षेचा नुसता उल्लेख होता, तिला धोका असल्याचे दाखवणारे काहीच नव्हते. ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. मात्र तोवर जवळपास दहा वर्षे उलटली होती. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये असाच निकाल दिला, तर दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी वेगळी भूमिका घेतली. म्हणजे नागरिकाला किती संरक्षण मिळणार, हे तो कोणत्या राज्यात राहतो यावर ठरणार!

यातून वाट काढण्यासाठी फार लांब जायला नको. महाराष्ट्राच्याच १९९९ च्या मकोकात, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, कलम २७ आहे. टॅपिंगसाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले, तातडीत किती वेळा फोन ऐकले, त्यातून किती खटले उभे राहिले आणि किती शिक्षा झाल्या, याचा वार्षिक अहवाल वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवणे सरकारवर बंधनकारक आहे. राज्याच्या सुरक्षेला बाधक ठरेल असा मजकूर वगळायची मुभाही त्याच कलमात आहे. मकोकातल्या टॅपिंगच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवल्या आहेत. संघटित गुन्हेगारीच्या टोळ्यांविरुद्ध केलेल्या कडक कायद्यात जे बसते, ते दूरसंचार नियमांत का बसू नये? आकड्यांतून ना कोणाचे नाव फुटते, ना कोणता तपास.

केंद्राने २०२४ च्या नियमांत अशाच अहवालाची तरतूद करावी आणि आढावा समितीवर उच्च न्यायालयाचे एक निवृत्त न्यायमूर्ती नेमावेत. राज्यापुरते बोलायचे तर गृह विभागाने दूरसंचार कायद्याखालच्या आदेशांची वार्षिक संख्या स्वतःहून जाहीर करावी. आणि कलम २७ खालचा शेवटचा अहवाल कोणत्या वर्षाचा आहे व तो सभागृहापुढे कधी ठेवला गेला, हा तारांकित प्रश्न आमदारांनी पुढच्याच अधिवेशनात विचारावा.

– एक वाचक, ठाणे