साहेब, ती फिल्म जरा दमट हवेत तपासा

मा. पर्यावरण मंत्री यांस,
स.न.वि.वि.

स्टार्चपासून खाण्याच्या पॅकिंगची फिल्म करायचं काम मी लॅबमध्ये करते, म्हणजे दिवसभर खळ शिजवते म्हणा ना. स्टार्च पाण्यात ढवळत ७०-८० डिग्रीपर्यंत नेला की दुधासारखं पाणी एकदम घट्ट आणि पारदर्शक व्हायला लागतं, मग त्यात ग्लिसरीन घालून ट्रेमध्ये पातळ ओतायचं आणि वाळवायचं. ग्लिसरीन विसरलात तर फिल्म पापडासारखी कडकन मोडते, आणि जास्त घातलंत तर ती नुसती लिबलिबीत.

म्हणून त्यात झाडाचे धागे घालतो, केळीच्या खोडाचे, तागाचे किंवा उसाच्या चिपाडाचे. आधी कॉस्टिक सोड्यात उकळून लिग्निन (धागे एकमेकांना चिकटवून ठेवणारा कडक पदार्थ) काढायचं, पाण्याचा पीएच ७ वर, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, येईपर्यंत धूत बसायचं (यातच अर्धा दिवस जातो) आणि बारीक करायचं. स्टार्च आणि धाग्यातलं सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेत, फक्त जोडणी वेगळी, त्यामुळे ते एकमेकांना घट्ट धरतात आणि फिल्म ओढली तरी लवकर फाटत नाही. पण हावरटपणा करून धागा वाढवला की गुठळ्या होतात आणि बरोबर गुठळीपाशीच फिल्म फाटते. हे मी स्वतः भरपूर वेळा करून बघितलंय.

आता मुद्द्याचं. टेस्टिंग सहसा २३ डिग्री आणि ५० टक्के आर्द्रतेला होतं आणि तिथे आमची फिल्म झकास पास होते. एकदा असाच सुंदर रिपोर्ट आला म्हणून मी खुश होते, आणि त्याच बॅचचा तुकडा ओल्या भाजीवर ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो भाजीलाच चिकटलेला, उचलायला गेले तर हातात चिंध्या. स्टार्चला पाण्याचं फार प्रेम आहे हो, धाग्यांमुळे ओल आत शिरायला वळसे पडतात पण ती थांबत नाही. आणि कोरड्यात ठेवली तर काही आठवड्यांनी स्टार्च परत आक्रसून फिल्म ठिसूळ होते, ते वेगळंच. तेव्हा नियम कराल तेव्हा ८०-९० टक्के आर्द्रतेत आणि महिनाभर ठेवल्यानंतर अशा दोन्ही टेस्ट सक्तीच्या करा, आमचीच फिल्म आधी नापास झाली तरी चालेल.

दुसरं, 'बायोडिग्रेडेबल' एवढाच शब्द छापायला परवानगी देऊ नका. कुठे आणि किती दिवसात कुजतं ते लिहायला लावा. कंपोस्ट होणाऱ्या पॅकिंगसाठी युरोपचं ईएन १३४३२ नावाचं मानक आहे, त्यात ६ महिन्यात ९० टक्के विघटन मागतात, पण ती टेस्ट होते साधारण ५८ डिग्रीला, घरामागच्या खड्ड्यात एवढी उष्णता कुठून येणार? शिवाय पॉलिथिनमध्ये थोडा स्टार्च मिसळून 'बायोडिग्रेडेबल' हेच नाव लावलं जातं, त्यातला स्टार्च कुजतो आणि पॉलिथिनचा भुगा तसाच मातीत राहतो. तुकडे करणारं केमिकल घातलेलं ऑक्सो प्लास्टिक युरोपियन युनियनने २०१९ च्या निर्देशाने बंदच केलं, कारण तेही असंच.

अशा फिल्मला सबसिडी द्यायची का ते नंतर बघू, आधी एवढं करा. सॅम्पल मागितलंत तर लगेच पाठवते, फक्त ते फाईलमध्ये लावू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस टेबलावर ठेवा.

आपली,
खळ ढवळणारी एक संशोधक