रविवारच्या शब्दखेळासाठी सूचना : ‘ळ’ची तयारी करून या

मंडळी, रविवारी संध्याकाळी 5 वाजता नेहमीच्या जागी बसू. या वेळी शेवटचं अक्षर ‘ळ’ आणि शब्द दोनच अक्षरांचे. डाळ, माळ, गाळ, खेळ, केळ हे सगळ्यांनाच सुचतात. गुण मिळतील ते राळ, साळ, फाळ, नाळ, चूळ, वळ असल्या शब्दांना.

लिहिताना मात्र सांभाळा. मागच्या वेळी पाटीवर ‘गुळ’ आणि ‘तिळ’ वाचून माझा जीव वर-खाली झाला. गूळ, तीळ, धूळ, मूळ हे दीर्घच. गुळाचा, तिळाचा म्हटलं की ऱ्हस्व, पण ती रूपं आपल्या खेळात येतच नाहीत.

गावांची नावं बाद. तरी लक्षात असू द्या, भुसावळ ‘ळ’वर संपतं, यावल ‘ल’वर, केळीच्या पट्ट्यातले असूनही आपलेच लोक घोटाळा करतात!

अहिराणीचं काय, असं दोघांनी विचारलंय. तिथे ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. त्यामुळे अहिराणी शब्दांची फेरी वेगळी, ‘या’कारान्त. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या, त्यांच्याकडे भांडार आहे.

शेवटी भेंड्या. ‘ळ’ने मराठीत शब्द सुरू होत नाही, म्हणून ‘ळ’ आला की ‘ल’ घ्यायचा. ‘ण’चंही तेच, ‘न’ घ्या. यावरून वाद नको.

पाटी-खडू आहे. भेळेचं सामान कोण आणतंय ते शनिवारपर्यंत कळवा.