लॅपटॉपच्या बॅगेत ठेवलेलं पत्र

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबांचा लॅपटॉप दुरुस्त करून परत पाठवतेय, मकरंदकाकांच्या गाडीतून, रविवारी संध्याकाळपर्यंत नाशिकला इंदिरानगरच्या घरी पोचेल. फोनवरच सांगितलं असतं पण फोनवर बाबा बरं बरं म्हणतात आणि लगेच फोन आईकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवते. दोघांनी चष्मा लावून नीट वाचा.

आधी हे सांगते की तो विकलेला नाही आणि त्याच्या बदल्यात नवीनही घेतलेला नाही. बाबा, तुम्ही म्हणालात ना, देऊन टाक कोणाला तरी, माझं काय आता वय आहे का विमानं उडवायचं, तेव्हा मी काही न बोलता बॅगेत घातला आणि पुण्याला घेऊन आले. राग आला असणार तुम्हाला, जेवताना पण बोलला नाहीत. पण तिथे बोलत बसले असते तर तुम्ही मला हातच लावू दिला नसता, टीव्हीच्या वेळी दादाचं आणि तुमचं काय झालं ते आठवतंय ना. आणि नवीन का नाही घेतला तर पैशांसाठी नाही हं, तसं अजिबात मनात आणू नका. अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे, आरटीएक्स 3050 चं ग्राफिक्स कार्ड आहे, तुमच्या डीसीएसला, त्या विमान उडवायच्या गेमला, एवढं पुरतं. आणि नवीन घेतला असता तर तो महागाचा आहे म्हणून तुम्ही कपाटात ठेवला असता. आईचा मिक्सर अजून खोक्यातच आहे ना? मग.

आता गेम अडखळायचा त्यामागे बिघाड काय होता ते सविस्तर सांगते, कारण तुम्ही सगळं आयुष्य मिग विमानांच्या कारखान्यात ओव्हरहॉलमध्ये, विमान पूर्ण खोलून दुरुस्त करण्यात काढलंत, नुसतं झालं नीट म्हटलेलं तुम्हाला चालत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग चालवून बघायचं, हे तुम्हीच शिकवलंय, तसंच केलं.

सगळ्यात मोठं कारण चार्जर निघालं. मूळ अ‍ॅडाप्टर 180 वॅटचा आहे, त्याची वायर पिनपाशी सैल झाली म्हणून तुम्ही दादाचा टाइप-सीवाला 65 वॅटचा लावत होतात. त्याने चार्जिंगचा दिवा लागतो, मेलबिल सगळं चालतं, त्यामुळे कोणालाही वाटणार की ठीक आहे. पण विमान सुरू झालं की एकट्या ग्राफिक्स कार्डालाच साठ-सत्तर वॅट लागतात, प्रोसेसरचे वेगळे, मग मशीन स्वतःच वेग पाडतं. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर चार गिगाहर्ट्झच्या वर जाणारा प्रोसेसर एकच्याही खाली रांगत होता, आणि चार्जर लावलेला असून बॅटरी उतरत होती. नवीन मूळ अ‍ॅडाप्टर बॅगेत आहे. तो भिंतीतल्या बोर्डातच लावा, इस्त्रीच्या एक्स्टेंशनवर नाही.

दुसरं म्हणजे उष्णता. अ‍ॅडाप्टर बदलल्यावर वेग आला पण दहाएक मिनिटांत परत पडला, तापमान बघितलं तर 98. या प्रोसेसरची हद्द 100 डिग्री आहे, त्याच्या जवळ गेलं की तो जळू नये म्हणून हळू होतो, म्हणजे तुमच्या इंजिनात टर्बाइनच्या मागच्या तापमानाचा काटा लाल रेघेला लागला की थ्रॉटल मागे घ्यायचा तसंच, फक्त इथे थ्रॉटल मशीन स्वतः घेतं. उघडल्यावर पंख्याच्या जाळीवर धुळीचा थरच होता. कुंभमेळ्यासाठी सगळीकडे रस्ते खोदून ठेवलेत, खिडकी उघडली की धूळ आत, त्यात तुमचा कोणाचा काय दोष. साफ केलं, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली होती ती काढून नवीन लावून घेतली, आता गेम चालू असताना 82-84 च्या वर जात नाही.

रॅमही वाढवलीय, आठ जीबीची एकच पट्टी होती, आता आठ-आठच्या दोन आहेत. डीसीएसला सोळा लागतेच, त्याशिवाय वळताना तो जो झटका बसायचा तो जात नाही. आणि एक बारीक गोष्ट, गेम चुकून प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवरच चालत होता, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन त्याला हाय परफॉर्मन्स दिलंय, ते बदलू नका. मुदत संपलेला एक अँटिव्हायरस पण बसला होता विंडोजच्या स्वतःच्या सोबत, तो काढला. गेममधल्या सावल्या आणि आरसे कमी केलेत, कॉकपिटची अक्षरं मात्र पूर्ण स्पष्ट ठेवलीत. आधी सेकंदाला 14-15 फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळायच्या, आता समुद्रावरून 45 च्या वर, शहरावर आलं की 35. पुरेत.

बाबा, तुम्ही हे सोडून द्यावं असं मला अजिबात वाटत नाही. 2025 च्या 26 सप्टेंबरला चंडीगडला मिग-21 चा हवाई दलातून निरोप झाला तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरून उठला नव्हतात, आई चहा ठेवून गेली तो तसाच गार झाला. मला लहानपणीचं आठवत होतं सगळं, टाऊनशिपमध्ये वरून विमान गेलं की मी धावत बाहेर यायचे आणि तुम्ही वर न बघता नुसत्या आवाजावरून सांगायचात कुठलं ते. मी विचारायचे बाबा तुम्ही का नाही उडवत, तर म्हणायचात आपण उडण्यासारखं करून द्यायचं बेटा. आता या गेममध्ये मिग-21 बिस आहे, तीच तुमची, आणि एकेक स्विच क्रमाने लावून तुम्ही ती सुरू करता ना, रशियन अक्षरं वाचत, तेव्हा इतके छान दिसता. नाशिक नाहीये त्यात, काकेशसचे डोंगर आहेत, चालतंय की. म्हणून म्हटलं हे बंद पडता कामा नये.

आता ऐका. पलंगावर रजईवर ठेवून चालवायचा नाही, खालून हवा घेतो तो. तुमची कंबर दुखते म्हणून तुम्ही आडवे होऊन बसता हे मला कळतं, पण त्याने कंबर जास्त दुखते, डॉक्टरांनी सांगितलंय. दादाचं जुनं टेबल बाल्कनीतून हॉलमध्ये आणून घ्या, स्वतः उचलायचं नाही, वॉचमनला बोलवा. कंबरेमागची उशी काकांकडेच पाठवलीय. पाऊण तास झाला की उठून पाणी प्यायचं आणि एक फेरी मारायची. बीपीची गोळी रात्री आठला म्हणजे आठलाच, लँडिंग झाल्यावर घेतो असं चालणार नाही, आई तू सरळ स्क्रीन खाली कर.

आणि आई, तू विणलेलं क्रोशाचं कव्हर मी धुऊन इस्त्री करून पाठवलंय, फार सुंदर आहे, माझ्या इथल्या मैत्रिणींनी पण विचारलं. फक्त ते मशीन बंद करून गार झाल्यावर घाल, चालू असताना नको, मागची गरम हवा अडते. तुझ्यासाठी डेस्कटॉपवर व्हिडिओ कॉलचं मोठं चिन्ह ठेवलंय, बुधवारी भजनानंतर त्यावरून फोन कर म्हणजे पिल्लू तुला मोठ्या स्क्रीनवर दिसेल, ती रोज आज्जी कधी दिसणार विचारते.

मी दर रविवारी येऊ शकत नाही हे मला खूप लागतं, पण पिल्लूची शाळा आणि इथलं काम, तुम्हाला माहितीच आहे. काही अडलं तर रात्री नऊनंतर फोन करा, झोपली असेन वगैरे विचार करू नका. आणि एम. जी. रोडच्या दुकानांत कोणाला लॅपटॉप परस्पर दाखवायचा नाही, आधी मला विचारा.

तुमची,
मनू

ता. क. दादाचा 65 वॅटचा चार्जर मी माझ्याकडे ठेवून घेतलाय, शोधू नका.