पुस्तक कुठे मिळेल, तेवढं तरी सांगा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत लेखक आणि समाजमाध्यमं या विषयावर आलेला लेख वाचला. चांगला आहे, पण पुण्या-मुंबईकडे तोंड करून लिहिलेला आहे. प्रकाशन समारंभ, पुस्तकांच्या दुकानातल्या गप्पा, स्वाक्षरीसाठी लागलेली रांग हे सगळं ज्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, त्यांनीच ‘फेसबुकमुळे लेखक स्वस्त झाला’ अशी खंत करावी. आम्हा बडोदेकरांना लेखक कायम महागच पडत आलाय. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९३४ साली भरलं, त्यानंतर एकदम फेब्रुवारी २०१८ मध्ये, लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष असताना. माझ्या आईचा वाचनाचा सगळा काळ या दोन संमेलनांच्या मधल्या फटीत गेला. लेखक तिने पाहिले ते दिवाळी अंकांतल्या फोटोंतच.

तरी तिची पिढी लेखकांशी बोलत होती. दिवाळी अंकात कथेच्या शेवटी लेखकाचा पत्ता छापलेला असायचा, पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकलं की झालं. उत्तर यायचंही. चार ओळींचं, पण आपल्याच पत्रातला मुद्दा धरून लिहिलेलं.

बडोद्यात वाचनाची आबाळ होती असं मुळीच नाही. १९०६ साली संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, मग १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं, असा सयाजीराव महाराजांचा क्रम होता. आधी माणसाला वाचता येऊ दे, मग पुस्तक त्याच्या दारात ने. खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तकं फिरायची. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या लाद्यांच्या मजल्यांवर मराठीची जुनी कपाटं आजही उभी आहेत. जुनं वाचायचं असेल तर आमच्याइतके श्रीमंत आम्हीच. अडतं ते नव्यापाशी. यंदा कोणती कादंबरी आली, कोण नवा कवी चांगलं लिहितोय, हे कळायला आता फोन हाच एक रस्ता उरलाय आणि त्या रस्त्यावर लेखक स्वतः उभा असतो. त्यामुळे तो तिथे काय करतो याकडे आमचं जरा जास्तच बारीक लक्ष असतं.

तर तो काय करतो? मुखपृष्ठ टाकतो. शाल-श्रीफळाचा फोटो टाकतो. ‘आज सायंकाळी सहा वाजता सर्वांना आग्रहाचे निमंत्रण’ टाकतो, गावाचं नाव न लिहिता. कारण गाव एकच असतं. महिनाभराने दुसऱ्या आवृत्तीची बातमी येते. या सगळ्यात पुस्तकाची किंमत, प्रकाशकाचा फोन आणि बाहेरच्या राज्यात पुस्तक पाठवतात की नाही, या तीन साध्या गोष्टी शोधून सापडत नाहीत. ‘लिंक कमेंटमध्ये देत आहे’ असं म्हटलेलं असतं आणि ती लिंक अडीचशे अभिनंदनांच्या खाली गाडली गेलेली असते. इन्स्टाग्रामवर तर फोटोखालच्या मजकुरात टाकलेली लिंक दाबताच येत नाही, तरी मंडळी ती टाकत राहतात.

आमचं दांडिया बाजारातल्या बायकांचं एक वाचनमंडळ आहे. त्याला नाव नाही, नोंदणी नाही. भिशी संपली की पुस्तकावर बोलायचं, एवढंच. मंडळातल्या एकीने एका कादंबरीच्या पोस्टखाली विचारलं, ‘बडोद्यात कुठे मिळेल?’ उत्तर म्हणून दोन जोडलेल्या हातांचं चित्र आलं. तिने मग लेखकाला मेसेंजरवर सविस्तर लिहिलं: आधीचं पुस्तक आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं, त्यातल्या सासऱ्याच्या पात्रावरून आमच्यात भांडण झालं, नवीन पुस्तक मागवायचं आहे. उत्तर नाही. बऱ्याच महिन्यांनी, पुढची दिवाळी उलटल्यावर, लेखकाचा ओशाळलेला निरोप आला. मित्रयादीत नसलेल्या माणसाचा संदेश फेसबुक ‘मेसेज रिक्वेस्ट’ नावाच्या वेगळ्या खणात टाकतं आणि तो खण त्यांनी कधी उघडलाच नव्हता. आता मित्रयादीची मर्यादा पाच हजारांची. नावाजलेल्या लेखकाची यादी केव्हाच भरलेली, त्यात निम्मे लेखकच. म्हणजे अनोळखी वाचकाचं पत्र नेमकं त्या खणातच जाणार. पोस्टमन घरी येत होता तेव्हा हा घोटाळा नव्हता.

याच्या अगदी उलट अनुभवही सांगते. एका लेखिकेने आपल्या कथेचं एक पान स्वतः वाचून टाकलं होतं. तीन-चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण. मागे पंख्याची घरघर, मधेच कुठेतरी कुकरची शिट्टी, पार्श्वसंगीत वगैरे काही नाही. माझी भाची ओट्यापाशी उभ्या उभ्या ते ऐकत होती. संपल्यावर तिने परत लावलं आणि विचारलं, ‘मावशी, पुढे काय होतं?’ आमच्याकडची मुलं मराठी बोलतात, भले गुजरातीची फोडणी घालून बोलोत, पण शिकतात इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात. हिंदीमुळे लिपी ओळखीची असते, तरी मराठीचं भरगच्च पान समोर आलं की दोन परिच्छेदांत दमतात. ऐकताना मात्र त्यांना काही अडत नाही. भाचीसाठी ते पुस्तक मागवलं, आणि आता रात्री तिची आजी वाचते नि ती ऐकते. तीस सेकंदांच्या रीलमध्ये ढोल वाजवून मुखपृष्ठ गोल फिरवण्यापेक्षा हे एक पान किती तरी पटीने कामाला आलं. शिवाय त्याला खर्च शून्य. लेखकाचा आवाज कसा आहे याची आम्हाला फिकीर नाही. तो घोगरा असला तरी चालेल.

आपल्या लेखात परदेशातली उदाहरणं होती. कॅनडातल्या रुपी कौर यांनी इन्स्टाग्रामवर कविता टाकल्या, २०१४ मध्ये पहिला संग्रह स्वतःच काढला आणि तो जगभर गेला, हे खरंच आहे. पण ते मोजमाप मराठीला लावून काय उपयोग? आपल्याकडे आवृत्ती हजार प्रतींची, हल्ली पुष्कळदा त्याहूनही कमी. ज्याच्याकडे दोनशे असे वाचक आहेत की जे पुस्तक विकत घेतात, वाचतात आणि शेजारणीला देतात, त्याची आवृत्तीच्या पाचव्या हिश्शाची चिंता मिटली. दोनशे माणसांना वर्षाकाठी नीट उत्तरं देणं एका माणसाला झेपतं. लाख लाइकच्या मागे धावायचं तर मात्र आणखी एक नोकरीच धरावी लागेल.

काही लेखकांना या गोंगाटात यायचंच नसतं, त्यांना ओढून आणावं असं माझं म्हणणं नाही. शिव्या देणाऱ्यांची गर्दी जमायला इथे एक ओळ पुरते. तमीळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्या कादंबरीविरुद्ध त्यांच्याच गावाकडे वादळ उठलं, तेव्हा जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी फेसबुकवरच जाहीर केलं होतं की आपल्यातला लेखक मेला. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तेव्हा कुठे ते पुन्हा लिहू लागले. हे माहीत असताना, एखादा लेखक फोन बंद करून लिहीत बसला तर त्याला माणूसघाणा कोण म्हणेल? धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी सभा-समारंभांपासून चार हात लांबच राहिले. पत्रं मात्र त्यांनी इतकी लिहिली की नंतर त्यांचे खंड निघाले. तेही आमच्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे, हे जाता जाता सांगून ठेवते.

तेव्हा माध्यम कोणतं हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. वाचकाला परत उत्तर लिहायची सोय आहे की नाही, एवढं मी पाहते. व्हॉट्सॲप चॅनेल २०२३ पासून लेखकांत फार लोकप्रिय झालंय, पण त्याची मूळ रचनाच एकतर्फी आहे. लेखकाने बोलायचं आणि आम्ही बदाम किंवा अंगठा दाखवायचा. त्यापेक्षा साधा ई-मेल बरा. महिन्यातला एक रविवार ठरवून त्या दिवशी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देईन, असं एखाद्या लेखकाने सांगितलं तर आम्ही महिनाभर थांबू. पोस्टकार्डाच्या काळात थांबतच होतो.

पुस्तक घरी पोचवण्याचीही गोष्ट तशीच. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक छापील साहित्य ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांत आणि ५ किलोपर्यंत १०० रुपयांत देशात कुठेही जातं, कर वेगळा. आपलं पुस्तक त्यात बसतं का, हे लेखकांनी आपल्या प्रकाशकाला एकदा विचारावं आणि जे कळेल ते मुखपृष्ठाच्या फोटोखाली लिहावं. कुरिअरवाले दोनशे रुपयांच्या कवितासंग्रहावर शंभराच्या घरात रक्कम लावतात, तिथे आमच्यातल्या पेन्शनवाल्या बायका मागे सरतात. मीही त्यातलीच.

शेवटची विनंती आपल्यालाच. आपल्या पुरवणीत परीक्षणाखाली पुस्तकाचं नाव, प्रकाशन, पृष्ठं आणि किंमत छापता. त्यातच प्रकाशक ज्या व्हॉट्सॲप क्रमांकावर मागणी घेतो तो क्रमांक आणि लेखकाची तयारी असेल तर वाचकांनी लिहायचा ई-मेल छापत जा. एकच ओळ लागेल. जागेची अडचण असेल, तर सुरुवात म्हणून माझ्या या पत्रातल्या चार ओळी खुशाल कापा.

आपली,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे